ताई, एक विचारू? : ओकिनावाचा शेवटचा दिवस

मागच्या महिन्यात या पानावर मी ओकिनावाच्या (जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांच्या) माझ्या कराटेच्या प्रवासाचा ओझरता उल्लेख केला, तेवढ्यावर पंधरा-सोळा पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलंय, कारण त्या पत्रासोबतचा कागद वाचून माझं डोकं फिरलं. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. सहा वर्षांपासून गोजू-ऱ्यू कराटे शिकते. येत्या सप्टेंबरात सरांच्या गटाबरोबर बारा दिवस ओकिनावाला जाणार आहे. सोबत वेळापत्रक पाठवतेय. त्यात शेवटच्या दिवशी ‘सकाळी ब्लॅक बेल्ट परीक्षा, दुपारी प्रमाणपत्र वाटप व फोटो, नंतर खरेदी, रात्री विमान’ असं आहे. परीक्षेचे अठरा हजार वेगळे. कापसाचे पैसे आलेत म्हणून देऊ शकतो, पण द्यावेत का? शेवटच्या दिवशी तिनं काय करावं? तिथल्या गुरुजींना काय न्यावं? (एक आई, चोपडा)

ताई, परीक्षेचं नंतर बघू. आधी वादळाचं बोलते, कारण तुमच्या कागदावर मिनिटामिनिटाचा हिशेब आहे, वादळाला मात्र जागाच ठेवलेली नाही.

सप्टेंबर म्हणजे तिकडे ऐन वादळांचा महिना. जपानी लोक वादळाला नावानं कमी आणि नंबरानं जास्त ओळखतात; वर्षाच्या सुरुवातीपासून पहिलं, दुसरं, तिसरं असं. मी गेले २०१८ साली आणि माझ्या वाट्याला आलं चोविसावं. तारीख २९ सप्टेंबर, वार शनिवार. नहा शहरातून हाँगकाँगमार्गे मुंबईचं माझं विमान त्याच दुपारी होतं.

म्हणजे माझा शेवटचा दिवस शुक्रवार, २८ तारीख. तो तुमच्या कागदावर लिहिलाय तसाच पार पडला. ज्या मंडळींनी आमचा प्रवास जमवून दिला होता त्यांनी एक हॉल घेतला होता. परीक्षक आमच्या दोजोचे, म्हणजे तिथल्या कराटेच्या तालमीचे, नव्हते, बाहेरून आले होते. वेगवेगळ्या देशांचे आम्ही अकरा जण, आणि सगळी परीक्षा चाळीस मिनिटांत आटोपली. मग लाल शिक्क्याचा कागद, वाकून नमस्कार, फोटो. ज्यांच्याकडे आम्ही बारा दिवस घाम गाळला ते आमचे म्हातारे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. शेवटी उठले, ‘ओत्सुकारे’ म्हणाले आणि घरी गेले. दमलात, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे काम उरकल्यावर ‘चला, झालं’ म्हणतो, साधारण तसंच. त्यांना काही बोलायचं होतं असं मला वाटलं, पण मीही फोटोच्या रांगेत उभी होते.

त्या कागदाची फी मी तेव्हा बिनबोभाट भरली. मला वाटलं, हीच रीत असेल. नंतर कळलं की आमच्या सेन्सेईंच्या दोजोत पाहुण्यांची अशी परीक्षा होतच नाही. ते माणसाला काही वर्षं बघतात, मग ठरवतात. तो कागद आता माझ्या कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली आहे. तुमच्याकडून घेतले जाणारे अठरा हजार याच जातीचे आहेत की नाहीत हे मी इथून सांगू शकत नाही, तुमच्या सरांना मी ओळखत नाही. पण एवढं विचारा : प्रमाणपत्रावर सही कोणाची? मुलगी जिथे शिकणार त्या दोजोच्या प्रमुखांची, की बाहेरून येणाऱ्या कुणाची? आणि परीक्षा दिली नाही तर तिला शेवटच्या दिवशी दोजोत बसू देतील का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर पैसे देऊ नका.

आता शनिवारचं. सकाळपासून मोनोरेल बंद, बस बंद, विमानं रद्द. मुक्कामाच्या घरमालकिणीनं खिडक्यांवर टेप चिकटवली आणि बाथटब पाण्यानं भरून ठेवला. दुपारनंतर वीज गेली. बेटांवर दोन लाखांहून जास्त घरांत त्या वेळी अंधार होता, हे मला परत आल्यावर कळलं. वाऱ्याचा आवाज कसा सांगू? भुसावळच्या फलाटावर न थांबणारी मालगाडी अंगाजवळून जाते ना, तशी. फक्त ती गाडी सात-आठ तास संपत नाही. माझ्याकडे अमळनेरहून नेलेल्या बिबड्यांचा चुरा आणि शेंगदाण्याची चटणी उरली होती. टॉर्चच्या उजेडात तेच खात बसले.

आमच्या गटातला एक जण मात्र खातही नव्हता. त्याच्या व्हिसावर १५ दिवसांचाच मुक्काम होता आणि त्यातला एकच दिवस उरला होता. माझा ३० दिवसांचा होता म्हणून मी निवांत. तेव्हा ताई, मुलीच्या व्हिसावर किती दिवस लिहिलेत ते आजच बघा. विम्यात ‘विमान रद्द’ झाल्यावर मुक्कामाचा खर्च मिळतो का तेही बघा; विमान कंपनी दुसऱ्या दिवशीचं तिकीट देते, पण वादळाच्या वेळी हॉटेलचे पैसे देईलच असं नाही. माझे दोन रात्रींचे पैसे खिशातून गेले. आणि परतल्यावर लगेच कॉलेजची परीक्षा किंवा घरचं लग्न ठेवू नका.

रविवारी उजाडलं ते लख्ख. मी चालत दोजोकडे निघाले, वीस मिनिटांचा रस्ता. झाडांना पान म्हणून राहिलं नव्हतं आणि सगळी गल्ली धुणं काढल्यासारखी पाण्यात उभी. जो तो नळी घेऊन गाडी धुतोय, खिडक्या धुतोय, भिंती धुतोय. मला कळेना, एवढ्या पावसानंतर धुतात काय? हात लावून पाहिला तर दाराच्या चौकटीवर मिठाचा थर. वादळ समुद्र उचलून गावावर फेकतं. ते मीठ गोड्या पाण्यानं लगेच काढलं नाही तर लोखंड गंजतं, झाडं जळतात.

सेन्सेई मतदान करून आले होते. त्या दिवशी तिथे गव्हर्नरची निवडणूक होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आदल्या दिवशी एवढं वादळ झेलून सकाळी पहिल्यांदा मत टाकून आला, मग दोजो उघडला. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. माझ्या हातात नळी दिली, स्वतः बादली घेतली. अंगणातल्या दोन माकिवारा आम्ही धुतल्या. माकिवारा म्हणजे जमिनीत रोवलेली फळी, वरच्या टोकाला दोरखंड गुंडाळलेला. तिच्यावर ठोसे मारून मारून मुठी घट्ट होतात. मग छताखालचे दगडी मुद्गल धुतले, मग आत लाकडी जमीन पुसायला घेतली. तिथे पोछ्याला दांडा नसतो. ओलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबायचं, कंबर वर, आणि पळत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचं. सहा फेऱ्यांत माझ्या मांड्या भरून आल्या.

पुसून झाल्यावर ते म्हणाले, ‘सान्चिन.’

सान्चिन हा गोजू-ऱ्यूचा पाया. दिसायला काहीच नाही : पाय खांद्याएवढे फाकलेले, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, बोटं किंचित आत, सगळं अंग आवळलेलं, आणि श्वासाबरोबर एकेक पाऊल. माझ्या वर्गातली पोरं त्याला ‘बोअर काता’ म्हणतात; काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. मी तो तेव्हा अठरा वर्षं करत होते आणि पंधरा वर्षं शिकवत होते.

पहिलं पाऊल टाकलं. सेन्सेई माझ्या पायाशी उकिडवे बसले. हातातल्या ओल्या फडक्याचं टोक त्यांनी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली सरकवलं आणि हळूच ओढलं.

फडकं निघून आलं.

पुन्हा सरकवलं, मला ‘दाब’ अशी खूण केली. मी दाबलं. ओढलं. पुन्हा निघालं. मी आणखी दाबलं तर टाच उचलली गेली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्या पोटरीवर बोट ठेवून आतल्या बाजूनं खाली रेघ ओढली, घोट्यापर्यंत, तिथून पावलाच्या कमानीवरून अंगठ्यापर्यंत. जोर अंगठ्यात नाही, तो मांडीच्या आतून येतो, हे मला त्या रेघेनं कळलं. विसाव्या-बाविसाव्या वेळी कधीतरी फडकं अडकलं. त्यांनी ओढलं, ते ताणलं गेलं, आलं नाही. मग दुसरा पाय. असं दीड तास. तीन पावलांच्या पुढे आम्ही गेलोच नाही.

त्यांचं इंग्रजी चार शब्दांचं, माझं जपानी सहा शब्दांचं. मी कसंबसं विचारलं, बारा दिवस का नाही सांगितलंत? त्यांनी हॉलच्या दिशेनं हात केला, फोटो काढल्याचा अभिनय केला आणि खांदे उडवले. म्हणजे, तुम्ही घाईत होतात.

दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबरला, विमान मिळालं. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं जळगाव, तिथून एसटीनं अमळनेर. सासूबाईंनी विचारलं काय शिकलीस, मी स्वयंपाकघराच्या फरशीवर फडकं टाकून दाखवलं. त्या म्हणाल्या, “इतली लांब जाईसन नुसता आंगठा टेकाले शिकनी का व माय?” मी म्हटलं, हो.

सोमवारचा वर्ग असतो आमचा, बोरी नदीच्या अलीकडे शाळेच्या व्हरांड्यात. पुढच्या सोमवारी एकतीस पोरं होती. रुमाल ओला केला आणि एकेकाच्या अंगठ्याखाली धरला. सत्तावीस जणांचा रुमाल निघून आला. ज्या चौघांचा अडकला त्यातली दोन पोरं वर्गात नवी होती, मी अजून त्यांना काही शिकवलंच नव्हतं! त्या दिवशी पोरांना सांगावं लागलं की तुमच्या बाईंनी पंधरा वर्षं चुकीचं शिकवलंय. एका पालकानं लगेच विचारलं, मग फी परत मिळणार का? मिळाली नाही.

तर ताई, तुमच्या मुलीला हे सांगा. जमलंच तर शेवटचा दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा. खरेदी आधी उरकायची. पट्ट्यावर नाव भरून हवं असेल किंवा मापाचा गी, म्हणजे कराटेचा पोशाख, हवा असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दुकानात सांगायचं, कारण भरतकामाला दिवस लागतात. मी शेवटच्या दिवशी गेले आणि कोरा पट्टा घेऊन आले. एक गी कोरडा ठेवायचा. ओला गी बॅगेत भरला तर मुंबईपर्यंत सगळ्या कपड्यांना वास लागतो. दोजोत अर्धा तास आधी जायचं आणि कुणी सांगायची वाट न बघता फडकं उचलायचं. वर्ग संपल्यावर सेन्सेईंसमोर बसून दोन शब्द म्हणायचे : ‘नाओशिते कुदासाई.’ माझं दुरुस्त करा. एवढं म्हणून गप्प बसायचं. ते जे एक दाखवतील ते तिथेच वीसदा करायचं आणि त्याच रात्री वहीत लिहायचं, चित्रासकट. विमानात लिहीन म्हटलं की विसरतं.

भेटीचं : फार महागाचं नको, त्यांना परतभेटीचं ओझं होतं. खाण्याचा कोरडा डबा चालतो. दोन्ही हातांनी द्यायचा. ते तुमच्यासमोर उघडणार नाहीत, त्यावरून आवडलं नाही असं समजू नका. दोजोची फी द्यायची असेल तर पाकिटात घालून द्यायची, नोटा नुसत्या हातावर ठेवायच्या नाहीत.

प्रश्न : आपल्याकडे कुस्ती, लाठी, मल्लखांब असताना पोरांना जपानी विद्या कशाला? आणि ती शिकायला लाखभर खर्चून परदेशी कशाला? (निवृत्त शिक्षक, धुळे)

सर, तुमचं पत्र तीन पानी होतं, मी दोन ओळींत आणलं, क्षमा करा. माझे वडील तालमीत जायचे, त्यामुळे तालमीविरुद्ध मी बोलणार नाही. पण ‘जपानी विद्या’ हे ओकिनावात म्हणाल तर तिथलं म्हातारं माणूस तुम्हाला चहा पाजून दुरुस्त करेल. ओकिनावा हे र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं, स्वतःच्या राजाचं, चीनशी व्यापार करणारं. जपाननं ते १८७९ मध्ये पूर्णपणे आपल्यात घेतलं. आमच्या शैलीचे मूळ पुरुष हिगाओन्ना कानऱ्यो हे नहाचे. ते समुद्र ओलांडून चीनमधल्या फूचौला गेले, तिथे शिकले आणि परत येऊन त्यांनी गावातल्या पोरांना शिकवलं. त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८-१९५३) यांनी त्या शिकवणीला गोजू-ऱ्यू हे नाव दिलं. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ. म्हणजे या विद्येची सुरुवातच परदेशी शिकायला जाऊन झालेली आहे.

नावाचीही गंमत आहे. पूर्वी कराटेतला ‘कारा’ लिहिताना चीन या अर्थाचं अक्षर वापरत. २५ ऑक्टोबर १९३६ ला नहामध्ये जुन्या जाणत्या शिक्षकांची बैठक झाली आणि ‘रिकामा’ या अर्थाचं अक्षर घ्यायचं ठरलं, म्हणजे कराटेचा अर्थ झाला ‘रिकामा हात’. उच्चार तोच राहिला, अर्थ बदलला. ओकिनावात २५ ऑक्टोबर आता कराटे दिन म्हणून पाळतात. नहाच्या मात्सुयामा बागेत हिगाओन्ना आणि मियागी या गुरुशिष्यांचं स्मारक आहे, मी तिथे दोन सकाळी सराव केला. तिथल्या जुन्या राजांचा शुरीचा राजवाडाही पाहिला, लाल भिंतींचा. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे, त्याची मुख्य इमारत आगीत गेली. बातमी पाहिली तेव्हा मी भाकरी थापत होते, ती करपली.

लाखभर खर्चाबद्दल मात्र तुमचं खरं आहे. ज्याचा पाया इथल्या शिक्षकाकडे पक्का होऊ शकतो त्यानं आधी इथेच करावा. माझा अंगठा कुणी धुळ्यातही दाबून दाखवला असता तर मी गेलेच नसते. चाळीशी उलटेपर्यंत कुणी दाखवला नाही, त्याला काय करणार?

प्रश्न : परदेशातून ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र आणलं तर पोलीस भरतीत खेळाडू कोट्यातून फायदा होईल का? (एक तरुण, शिरपूर)

नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं : कोणती स्पर्धा, कोणत्या संघटनेची, पदक कितवं. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, तिथल्या उपसंचालक कार्यालयात जा. काळा पट्टा ही शिक्षणाची पायरी आहे, पदक नाही. ‘आमचा बेल्ट भरतीला चालतो’ असं कुणी सांगत असेल तर तसा शासन निर्णय कागदावर दाखवायला सांगा आणि मग त्याचं तोंड बघा.

ऑलिंपिकचंही अनेकांनी विचारलंय. कराटे एकदाच आलं, टोकियोला. ६ ऑगस्ट २०२१ ला ओकिनावाच्याच र्‍यो कियुना यांनी पुरुषांच्या काता प्रकारात सुवर्ण घेतलं. २०२४ च्या पॅरिसला ते नव्हतं. आशियाई स्पर्धांत आहे.

प्रश्न : मी चौथीत आहे. तिथल्या तालमीत दगड उचलतात हे खरं का? आमच्या आजोबांची दगडी नाल आमच्या ओट्यावर आहे. (धरणगाव)

खरं आहे बाळा, आणि तुझ्या आजोबांना ते बघून हसू येईल. लाकडी दांड्याच्या एका टोकाला दगड बसवलेला असतो, त्याला चीइशी म्हणतात, आपला मुद्गलच म्हण. तो एका हातानं धरून मनगटावर फिरवायचा. दुसरं, कुलपाच्या आकाराचं मूठ असलेलं वजन, तुझ्या नालेचं धाकटं भावंड. आणि मला सगळ्यात अवघड गेली ती मडकी. दोन मातीची मडकी, काठाला फक्त बोटांनी धरायची आणि सान्चिनची पावलं टाकत चालायचं. रिकामी सोपी जातात. मग त्यात रोज थोडी थोडी वाळू घालत जायची. मी चौथ्या दिवशी एक फोडलं. सेन्सेई काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्या जागी नवं होतं आणि वर माझं नाव लिहिलं होतं.

आजोबांची नाल तू उचलू नकोस. अजून चार-पाच वर्षं दंड-बैठका काढ, दोरीच्या उड्या मार.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. मुलगा सरावाला जातोय, तर गुरुजींसाठी अर्धा घड न्यावा म्हणतो. चालेल का? (यावल)

भाऊ, भावना पोचली, घड पोचणार नाही. जपानात ताजी फळं अशी नेता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. फळमाशीची भीती असते त्यांना. केळीचे वेफर्स न्या, बंद पाकिटातले, वर काय काय घातलंय ते छापलेलं. मी नेले होते. सेन्सेईंना मिरीचे आवडले, साधे त्यांनी शेजाऱ्यांना वाटले.

प्रश्न : आमच्या घरी माळकरी परंपरा आहे. तिथे शाकाहारी माणसाचे हाल होतात का? (शहादा)

होतात, खोटं कशाला सांगू. भाजी दिसते, पण रस्सा माशाच्या सुक्या कीसाचा असतो. ओकिनावाचे प्रसिद्ध नूडल्स म्हणजे डुकराच्या हाडांचं पाणी. कारली मात्र तिथे ढिगानं खातात, ‘गोया’ म्हणतात, आपल्यापेक्षा जाड आणि कमी कडू. टोफूबरोबर परततात, पण त्यातही मांस आणि अंडं पडतं. सांगितलं तर नुसती कारली-टोफू करून देतात. मी पंधरा दिवसांत जेवढी कारली खाल्ली तेवढी सासरी पंधरा वर्षांत खाल्ली नसतील. भात चांगला मिळतो. घरून दशम्या पहिल्या तीन दिवसांपुरत्या न्या, पुढे चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे. निरोपाच्या जेवणात आवामोरी नावाची तांदळाची दारू फिरते. नको असेल तर पेला पालथा घालू नका. भरू द्या, उचलून कपाळाला लावा आणि खाली ठेवा. कुणी आग्रह करत नाही.

आणि सांपिनचा, म्हणजे मोगऱ्याच्या वासाच्या चहाबरोबर ‘साता आंदागी’ येतात. थेट आपले गुलगुले, फक्त गोल, वरून फुलासारखे तडकलेले. वादळानंतरच्या त्या रविवारी जमीन पुसून झाल्यावर सेन्सेईंच्या बायकोनं ताटभर आणून ठेवले. मला इतकी भूक लागली होती की विचारलंच नाही त्यात काय काय आहे. अंडं असतं. कळलं तेव्हा चौथा खाऊन झाला होता. घरी हे अजून सांगितलेलं नाही. आता छापून आल्यावर बघू.